एका हंडीत पूर्ण जेवण : भोगीच्या भाजीचा पाठ



पौष महिन्यात केंदूरसारख्या गावी शिवारात फिरले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. हरभऱ्याला घाटे लागलेले असतात, बांधावरील वालाचा वेल शेंगांनी लगडलेला असतो, वांगी, गाजर, मुळा व कांद्याची पात भरात असते आणि बोरीखाली बोरांचा सडा पडलेला असतो. वर्षात इतके ताजे अन्न एकाच वेळी शिवारात क्वचितच असते. तरीही याच दिवसांत अनेक घरांतील ताटात भाकरी, एखादे कोरड्यास आणि मिरचीचा ठेचा एवढेच दिसते. चांगला माल पहाटे बाजारात रवाना होतो आणि पिकविणाऱ्याच्या घरी उरलेसुरले शिजते. जो पिकवितो त्यानेच ताजे खाऊ नये, ही परिस्थिती बदलणे अवघड नाही. त्यासाठी पैशापेक्षा थोड्या योजनेची गरज आहे.

आपल्या पूर्वजांनी ही योजना सणाच्या रूपाने घालून दिलेली आहे. मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे भोगीला, शेतातील सर्व ताज्या भाज्या व शेंगा एका भांड्यात शिजवून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर खाण्याची रीत आहे. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. मात्र भोगीची भाजी वर्षातून एकदाच करावयाची असा तिचा अर्थ नव्हे. हिवाळाभर आठवड्यातून दोन-तीन वेळा अशी हंडी घरी शिजावी, हा या पाठाचा उद्देश आहे.

१. हंडीतील अन्नाचे महत्त्व

बंद भांड्यात अनेक जिन्नस एकत्र घालून मंद आचेवर शिजविण्याची पद्धत जगभर आढळते. युरोपात असे भांडे भट्टीत ठेवून तासन्‌तास शिजवितात. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, भोवती जाळ करून ‘पोपटी’ लावतात. देशावरील भोगीची भाजी ही याच कुळातील होय. या सर्व प्रकारांत अन्न स्वतःच्याच रसात शिजते, त्यामुळे चव उत्तम येते व पाणी कमी लागते.

या पद्धतीचे चार लाभ आहेत. पहिला, भाजीचा रस फेकला जात नाही, म्हणून पाण्यात उतरलेली सत्त्वे पोटात जातात. दुसरा, एकाच चुलीवर एकाच भांड्यात काम होते, त्यामुळे सरपण, गॅस व वेळ वाचतो. तिसरा, निरनिराळे जिन्नस एकत्र आल्याने एकाची उणीव दुसरा भरून काढतो. चौथा लाभ विशेष आहे. सर्वांचे अन्न एकाच हंडीत असल्याने घरातील प्रत्येकास तेच मिळते. शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास मात्र केवळ रस्सा येऊ नये, याची काळजी घरातील सर्वांनी घ्यावयास हवी.

हा शेवटचा मुद्दा गौण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. लवकर दमणे, धाप लागणे, चक्कर येणे ही लक्षणे ‘कामाचा शीण’ म्हणून दुर्लक्षिली जातात. गरोदरपणी रक्तक्षय असल्यास माता व मूल या दोघांसही धोका असतो.

२. कोणत्या जिन्नसातून काय मिळते

बाजरी : शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम प्रथिने व सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. दीडशे ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी खाल्ल्यास सुमारे ९ मिलिग्रॅम लोह पोटात जाते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीची दैनिक गरज २९ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा केवळ भाकरीतून मिळतो. परंतु धान्यातील लोहाचा थोडाच भाग शरीर शोषून घेते, हे येथे लक्षात ठेवावे.

बोरे, कोथिंबीर, लिंबू : यांत ‘क’ जीवनसत्त्व असते. त्याच्या योगाने धान्य व कडधान्यातील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. भोगीच्या भाजीत बोरे घालण्याची रीत यादृष्टीने उपयुक्त आहे. मात्र उष्णतेने हे जीवनसत्त्व कमी होते. म्हणून काही बोरे कच्चीही खावीत आणि कोथिंबीर व लिंबू हंडी उतरविल्यावरच घालावे.

हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, वाल, वाटाणा, ओले शेंगदाणे : यांतून प्रथिने मिळतात. धान्यातील प्रथिनांत जो घटक कमी असतो तो कडधान्यात असतो. म्हणून भाकरी आणि शेंगभाजी यांची जोडी एकट्या भाकरीपेक्षा अधिक पोषक ठरते.

गाजर, कांद्याची पात, हिरवा पाला : यांतील पिवळ्या-नारिंगी द्रव्यापासून शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व तयार होते. ते डोळ्यांस हितकर आहे. हे द्रव्य शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. हंडीतील तेल व तिळाचे कूट ते काम करतात.

तीळ : न सोललेल्या शंभर ग्रॅम तिळांत सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सहा माणसांच्या हंडीत ५० ग्रॅम तीळ घातल्यास प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे १०० मिलिग्रॅम येते. त्यातील सर्वच शरीरास लागू पडत नाही, तरी दूध कमी मिळणाऱ्या घरी ही भर मोलाची आहे.

एक दक्षता सर्वांनी घ्यावी. जेवणाबरोबर किंवा जेवण होताच चहा पिऊ नये. चहातील तुरट द्रव्यामुळे लोह कमी शोषले जाते. जेवण व चहा यांत किमान एक तासाचे अंतर असावे.

३. भाजी निवडणे व चिरणे

भाजी शक्यतो त्याच दिवशी सकाळी काढलेली असावी. ज्या पिकावर औषध फवारले असेल, त्या औषधाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांमध्ये ठेवावयाच्या दिवसांची संख्या छापलेली असते. ती मुदत संपल्याखेरीज त्या वाफ्यातील भाजी बाजारातही पाठवू नये आणि घरीही शिजवू नये.

भाजी प्रथम अखंड धुवावी व नंतर चिरावी. चिरून पाण्यात टाकून ठेवल्यास सत्त्व पाण्याबरोबर निघून जाते. वांगी काळी पडतात म्हणून ती पाण्यात ठेवण्याची सवय आहे. त्याऐवजी वांगी अगदी शेवटी चिरून लगेच हंडीत घालावीत. फोडी मोठ्या ठेवाव्यात. गाजराची साल खरवडून फेकण्याऐवजी ते घासून धुणे पुरेसे असते. मुळ्याचा कोवळा पाला टाकून देऊ नये, तो बारीक चिरून हंडीत घालावा.

४. सहा माणसांसाठी साहित्य

हरभऱ्याचे सोलाणे एक वाटी, पावट्याचे किंवा वालाचे ओले दाणे एक वाटी, ओले शेंगदाणे अर्धी वाटी, घेवड्याच्या किंवा वालपापडीच्या शेंगा पाव किलो, गाजरे पाव किलो, लहान वांगी पाव किलो, कांद्याची पात एक जुडी, मुळ्याचा पाला मूठभर, बोरे दहा-बारा आणि मिळाल्यास उसाचे चार-पाच करवे.

मसाल्यासाठी तीळ ५० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा लहान तुकडा, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, जिरे, हिंग, हळद, घरचा कांदा-लसूण मसाला, सुपारीएवढी चिंच, तेवढाच गूळ, मीठ आणि तीन-चार चमचे तेल.

यांतील एखादा जिन्नस नसला तरी अडू नये. एक फळभाजी, एक कंदभाजी, एक पालेभाजी आणि दोन प्रकारच्या शेंगा किंवा दाणे एवढे साधले म्हणजे हंडी पूर्ण झाली असे समजावे.

५. कृती

(अ) तीळ व खोबरे मंद आचेवर वेगवेगळे भाजून लसूण-जिऱ्यासह कुटून घ्यावे. चिंच कोमट पाण्यात भिजत घालावी.

(आ) हंडीत तेल तापवून हिंग व हळद घालावी. त्यावर सोलाणे, पावटा व शेंगदाणे परतावेत. दाणे बुडतील इतके गरम पाणी घालून झाकण ठेवावे व दहा-बारा मिनिटे शिजू द्यावे.

(इ) दाणे अर्धवट शिजले म्हणजे गाजर, घेवडा व उसाचे करवे घालावेत. आणखी पाच-सात मिनिटांनी वांगी, बोरे व मीठ घालावे. झाकणात थोडे पाणी ठेवावे. वाफ थंड होऊन पुन्हा भाजीत पडते आणि भाजी खाली लागत नाही. पाणी घालावयाचे झाल्यास झाकणावरील गरम पाणीच घालावे.

(ई) घरात एक वर्षाच्या आसपासचे मूल असल्यास दाणे व भाज्या मऊ शिजताच, मसाला घालण्यापूर्वी त्याचा वाटा वेगळा काढावा. तो पूर्ण कुसकरून, दाण्यांची साले व बोरांच्या बिया काढून भरवावा. अखंड शेंगदाणा किंवा हरभरा लहान मुलास कधीही देऊ नये, तो घशात अडकण्याची भीती असते.

(उ) दाणे बोटाने सहज दबू लागले म्हणजेच चिंचेचा कोळ, गूळ व मसाला घालावा. आंबट पदार्थ आधी घातल्यास दाणे शिजण्यास फार वेळ लागतो. पुष्कळ घरी ‘पावटा शिजतच नाही’ अशी तक्रार असते, तिचे एक कारण हे आहे.

(ऊ) शेवटी कांद्याची पात, मुळ्याचा पाला व तिळाचे कूट घालून एक वाफ आणावी. चुलीवर हंडी असेल तर जाळ ओढून घ्यावा, हंडी वैलावर सरकवावी व झाकणावर चार निखारे ठेवावेत. वरून व खालून मिळणाऱ्या मंद उष्णतेने दहा मिनिटांत भाजी मुरते. उतरवून कोथिंबीर घालावी.

वालाचे दाणे कच्चे राहू देऊ नयेत, ते पूर्ण शिजवूनच खावेत.

६. मातीच्या भांड्याविषयी

मातीची हंडी हळूहळू तापते व हळूहळू निवते, म्हणून या कामास ती उत्तम. नवी हंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी व पहिल्या दिवशी तिच्यात भाताची पेज शिजवावी. एकदम मोठ्या जाळावर ठेवू नये, तसेच तापलेल्या हंडीत गार पाणी ओतू नये, ती तडकते. हंडी साबणाने न घासता गरम पाणी व काथ्याने धुऊन उन्हात कोरडी करावी. रंग दिलेली किंवा चमकदार लेप असलेली शोभेची मडकी स्वयंपाकास वापरू नयेत. काही रंगांत व लेपांत शिसे असते व ते विषारी आहे. मातीची हंडी नसेल तर जाड बुडाचे पातेले घ्यावे. चिंच असल्यामुळे बिनकल्हईचे पितळी भांडे मात्र वर्ज्य समजावे.

७. गवताची पेटी : विनाजाळ शिजविण्याची युक्ती

सुगीच्या दिवसांत स्त्रियांना सकाळीच रानात जावे लागते. अशा वेळी गवताची पेटी उपयोगी पडते. फळांची जुनी लाकडी पेटी किंवा डालगे घ्यावे. तळाशी वीतभर वाळलेले स्वच्छ गवत किंवा गव्हांडा दाबून भरावा. मध्ये हंडी बसेल एवढा खळगा ठेवून चोहोबाजूंनी तेवढ्याच जाडीचे गवत ठासावे. वर झाकण्यासाठी जुन्या लुगड्याची, आत गव्हांडा भरलेली जाड उशी शिवावी.

या पेटीत बाजरीची खिचडी उत्तम होते. एक वाटी बाजरी रात्री भिजत घालावी. सकाळी निथळून उखळात किंवा मिक्सरमध्ये जाडसर भरड काढावी. अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन वाट्या चिरलेली भाजी, मीठ, हळद व पाच वाट्या पाणी घालून चांगली उकळी आणावी व दहा-पंधरा मिनिटे ढवळत शिजवावे. उकळत असतानाच झाकण घट्ट लावून हंडी पेटीत ठेवावी व उशीने दाबावी. दीड-दोन तासांत उरलेली शिजण्याची क्रिया आतील उष्णतेनेच पूर्ण होते. वाफ बाहेर जात नसल्याने नेहमीपेक्षा पाणी कमी लागते.

तीन नियम कटाक्षाने पाळावेत. हंडी किमान पाऊण भरलेली असावी, कारण थोडे अन्न लवकर निवते. मध्येच उघडून पाहू नये. तीन-चार तासांपेक्षा अधिक वेळ अन्न पेटीत ठेवू नये व वाढण्यापूर्वी पुन्हा एक उकळी आणावी. कोमट अवस्थेत फार वेळ राहिलेले अन्न नासते व त्यापासून विषबाधा होऊ शकते. पेटी चुलीपासून दूर ठेवावी आणि गवत ओले झाल्यास बदलावे.

८. वर्षभराची हंडी व परसबाग

केंदूरचा परिसर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात मोडतो. येथे पाण्याचा थेंबन्‌थेंब मोलाचा आहे. तरीही न्हाणीचे व भांडी विसळल्याचे पाणी वाया जाते. ते वाळू-खडीच्या लहान खड्ड्यातून गाळून परसात वळविल्यास शेवगा, वाल, दोडका, घोसाळी व वांगी यांची चार-चार झाडे सहज जगतात. साबणाचे दाट पाणी मात्र थेट वाफ्यात सोडू नये आणि या पाण्यावर कच्ची खाण्याची पालेभाजी घेऊ नये.

ऋतूप्रमाणे हंडी बदलावी. पावसाळ्यात दोडका, घोसाळी, भेंडी, चवळीच्या शेंगा व तांदुळजा घ्यावा. हिवाळ्यात वर सांगितलेली भोगीची हंडी करावी. उन्हाळ्यात ताजी भाजी कमी झाली म्हणजे शेवग्याच्या शेंगा, कांदा, बटाटा व मोड आलेली मटकी यांची हंडी लावावी. घरात भाजी अगदीच थोडी असेल त्या दिवशी तुरीच्या वरणात शेवग्याचा पाला टाकून वरणफळे करावीत. तेही एका भांड्यातील पूर्ण जेवणच आहे.

बाजरीचे पीठ आठवडाभर पुरेल एवढेच दळून आणावे. बाजरीत तेलाचा अंश अधिक असल्याने पीठ लवकर कडवट होते. बियाणे निवडताना ‘धनशक्ती’ या लोहाचे प्रमाण अधिक असलेल्या वाणाचा विचार करावा. पाटणचेरू येथील इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेला हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी व २०१४ मध्ये देशासाठी प्रसारित झाला. तो संकरित नसल्याने योग्य अंतर राखून घरचे बी धरता येते.

९. ग्रामसेवक, कृषी सहायक व अंगणवाडी सेविका यांस सूचना

हा पाठ केवळ वाचून दाखवू नये, प्रात्यक्षिक करून दाखवावे. बचत गटाच्या बैठकीचा दिवस निवडावा. प्रत्येक बाईने आपल्या शेतातील किंवा परसातील एकच जिन्नस मूठभर आणावा, असे आदल्या दिवशी सांगावे. सर्व जिन्नस एका पाटीत ओतले म्हणजे गावात काय काय पिकते हे सर्वांसमोर येते. मग तेथेच हंडी लावावी. शिजेपर्यंतच्या वेळात पुढील प्रश्नांवर चर्चा घडवावी :

(क) काल आपल्या घरी कोणती ताजी भाजी शिजली? ती कोणाच्या ताटात किती आली?
(ख) बाजारात पाठविलेल्या भाजीपैकी घरासाठी किती राखली?
(ग) घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?
(घ) न्हाणीचे पाणी कोठे जाते?

या बैठकीस पुरुषांनाही बोलवावे. भाजी बाजारात किती न्यावयाची हे बहुधा तेच ठरवितात. दहा जुड्यांतील एक जुडी घरासाठी राखण्याचा निर्णय त्यांच्या समक्ष झाला तरच तो टिकतो. प्रात्यक्षिकानंतर पंधरा दिवसांनी पाच-सहा घरी भेट द्यावी. पेटी वापरात आहे काय, हंडी पुन्हा लागली काय आणि अडचण कोणती आली, हे नोंदवहीत लिहावे. अडचण ऐकून घेतल्याशिवाय दुसरा पाठ देऊ नये.

एक गोष्ट स्पष्ट सांगावी. रक्तक्षय झालेल्या स्त्रीस केवळ आहारावर विसंबून ठेवू नये. तिने प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे व दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमित घ्याव्यात. हंडीतील अन्न हे औषधाच्या जोडीस आहे, त्याच्या जागी नव्हे.

थंडीच्या संध्याकाळी रानातून परतल्यावर गरम हंडीचे झाकण उघडावे, तीळ लावलेल्या भाकरीबरोबर सर्वांनी एकत्र बसून जेवावे, यात जे समाधान आहे ते विकत मिळत नाही. त्यासाठी लागणारा प्रत्येक जिन्नस आपल्या शिवारात आहे. बाजाराची पाटी भरण्यापूर्वी घरची हंडी भरावी, एवढा नियम या हंगामापासून प्रत्येक कुटुंबाने करावा.